घाणा थांबला नव्हता

जिवंत माणसाचं चरित्र लिहायचं, ते त्याच्या वाढदिवसाच्या आत छापून घ्यायचं आणि भर मांडवात त्याच्याच हातात द्यायचं, हे काम मी बीडमध्ये उभा जन्म केलं. अशा पुस्तकाला गौरवग्रंथ म्हणतात. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी एखादा असेल. गुळगुळीत जाड कागद, सुरुवातीला रंगीत फोटो, मग मंत्र्यांचे शुभसंदेश, मग लेख, शेवटी जाहिराती. सहसा तो कुणी वाचत नाही, असा माझाही समज होता. त्या समजावर मी फार विसंबून राहिलो.

ग्रंथ कसा तयार होतो ते आधी सांगतो. पुढाऱ्याची एकसष्टी किंवा पंच्याहत्तरी जवळ आली की कार्यकर्ते गौरव समिती नेमतात. समितीत अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, सल्लागार, संपादक मंडळ असे पानभर लोक असतात आणि त्यांच्यातल्या एकालाही चार ओळी लिहायच्या नसतात. मग ते छापखान्यात येतात. मालक मागच्या खोलीकडे बोट दाखवतात. त्या खोलीत प्रुफं तपासत मी बसलेला असायचो. माझं इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालं होतं, मास्तरकी मिळाली नव्हती, आणि अक्षर बरं होतं.

‘मी पाहिलेले अण्णा’, ‘आमचे आधारवड’ असले सगळे लेख मीच लिहायचो. वर नावं मात्र निरनिराळी. मुख्याध्यापक, डॉक्टर, बालमित्र, थोरली सून. सुनेच्या लेखात वाक्यं लहान ठेवायची, मुख्याध्यापकांच्या लेखात एखादं संस्कृत वचन घालायचं. मांडवात बायका म्हणायच्या, सूनबाईंनी काय लिहिलंय, डोळ्यांत पाणी आलं. मागच्या रांगेत बसून हे ऐकताना मला गुदगुल्या व्हायच्या, हे लपवण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे चरित्र करून घ्यायला येणारी माणसं तीन प्रकारची. वकिलीतून पुढारी झालेली, पुढारीपण करून वकील म्हणवून घेणारी, आणि फौजेतून पेन्शनीवर आलेली. तिघांची अडचण एकच होती. आयुष्यात सांगण्यासारखं फारसं काही घडलेलं नसे. वकील कोर्टात जातो, तारीख घेतो, घरी येतो. पुढारी लग्नांना जातो. पण समितीला पूर हवा असे, पाठलाग हवा असे, ऐन वेळी फिरलेला मित्र हवा असे.

ही अडचण माझ्यापुरती एका लाल पुठ्ठ्याच्या पुस्तकानं सोडवली. हैदराबादला शिकून आलेले एक जुने वकील वारले तेव्हा त्यांची पुस्तकं रद्दीत निघाली. त्यात ते होतं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या वकिलांची, पुढाऱ्यांची आणि लष्करी अधिकाऱ्यांची चरित्रं. एकही नाव ऐकलेलं नाही. सगळी कुठल्याशा एका आडबाजूच्या मुलखातली माणसं, दाढ्या छातीवर रुळणाऱ्या, नजर फोटो काढणाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे. पण त्यांच्या आयुष्यात काय काय घडलं होतं! कुणी अशिलासाठी पुरात घोडा घालतो. कुणी भर प्रचारात विरोधकाची चिखलात रुतलेली गाडी खांदा लावून काढून देतो. कुणी कर्नल आपला घोडा जखमी शिपायाला देऊन स्वतः पायी चालतो.

मी नद्यांची नावं बदलली. बर्फ होतं तिथे ऊन घातलं. तिकडचा पूर सिंदफणेला आणला. बीड जिल्ह्यातली कितीतरी कर्तबगारी अशी समुद्र ओलांडून आलेली आहे.

सुरुवातीला त्यात गंमतच होती. एका चेअरमनसाहेबांचं बालपण मी तिकडच्या एका सिनेटरावरून घेतलं. तिकडे माणूस लाकडी खोपटात जन्मला की चरित्राचं अर्धं काम व्हायचं; आपल्याकडे अनवाणी शाळेत जावं लागतं. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर चेअरमनसाहेबांच्या नव्वदीतल्या आई गाडीत बसून छापखान्यात आल्या. नातवानं त्यांना तो मजकूर वाचून दाखवला होता.

“कोन हाय लिवनारा?” त्या दारातूनच म्हणाल्या. “माझं लेकरू अनवानी कवा गेलं रे? घोड्यावर धाडीत होतो आमी. संगं गडी असायचा. आमाला भिकारी केलंस का?”

मी म्हणालो, “आई, लोकांना आवडतं तसं.”

“लोकायला आवडतंय म्हनून माझ्या पोराच्या पायातलं काढतूस व्हय?”

मालक हसून हसून बाहेर निघून गेले. मीही हसलो.

चकलांब्याकडचे एक सुभेदार होते. त्यांची सगळी नोकरी खेचरांच्या पलटणीत गेलेली. मुलाखतीला बसलो की खेचर सोडून दुसरं काही बोलायचे नाहीत. खेचर पाणी कसं पितं, कोणत्या खेचराला कोणता शिपाई चालत नाही. मी त्यांना तो अमेरिकन कर्नल लावला. जखमी जवानाला आपलं जनावर देऊन बर्फातून पायी चालणारे सुभेदार. प्रुफं त्यांना दाखवली तर ते म्हणाले, “सर, असं न्हाई होत. खेचर माझं न्हवतं, सरकारचं होतं. त्याच्या खुरावर नंबर असतोय. दिलं म्हणता कुणाला?”

मी म्हणालो, समितीनं मंजूर केलंय. त्यांनी प्रुफं माझ्याकडे परत सरकवली. पुढे काही वर्षांनी सव्वीस जानेवारीला एका शाळेत ते पाहुणे होते आणि मी समोर बसलो होतो. सुभेदार उभे राहिले आणि मुलांना सांगू लागले, मी त्या पोराला माझ्या खेचरावर बसवलं आणि बर्फातून चालत निघालो. मला वाटलं, मला बघून मिस्कीलपणे बोलतायत. पण त्यांनी मला ओळखलंही नव्हतं. त्यांना ते आठवत होतं.

त्या दिवशी मी घाबरायला हवं होतं. पण त्याआधीच व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो.

तात्यासाहेब म्हणून एक ज्येष्ठ वकील होते. निजामी राजवटीच्या शेवटच्या वर्षी त्यांना अटक झाली होती, पुढे ते आमदारही झाले. माणूस खरोखरच सरळ. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या ग्रंथासाठी मी त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बाजेवर बसले होते, समोर पानाचा डबा. मी विचारलं, अटक कशी झाली?

“कशी म्हंजे? बीडात खोली होती माझी, तिथं धरलं,” ते म्हणाले. “सकाळची येळ. आंघोळ करून गंध लावीत होतो. जमादार दारात आला, म्हणला, चला वकीलसाब. म्हणलं, गंध वाळू दे.”

“तुम्ही कुठे लपला नव्हतात?”

“लपायला मी काय चोर होतो?”

मी वही मिटली. तात्यासाहेबांच्या आयुष्यातली सर्वांत चांगली गोष्ट त्यांनी मला दोन वाक्यांत सांगितली होती आणि मला ती दिसली नाही. आज मी ते ‘गंध वाळू दे’ कुठल्याही चरित्राच्या पहिल्या ओळीत ठेवीन. तेव्हा मला वाटलं, यात काही नाही. समितीचे चिटणीसही म्हणाले, “सर, अटकेत काहीतरी जोर पाहिजे. आंघोळ काय दाखवता?”

लाल पुस्तकात एक वकील होता. गुलामांना पळून जायला मदत करायचा. त्याच्यावर वॉरंट निघतं, तेव्हा तो नदीकाठच्या गिरणीत धान्याच्या कोठीत लपतो. गिरणीवाला त्याला आसरा देतो आणि मग भर दुपारी गिरणीचं चाक थांबवतो. चाक थांबणं ही बाहेरच्या शिपायांसाठी खूण असते. अचानक पडलेल्या शांततेत तो वकील ओळखतो की आपला घात झाला. वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

मी अटक बीडच्या खोलीतून उचलली आणि तात्यासाहेबांच्या मूळ गावी नेली. लिंबागणेशच्या बाजूचं ते गाव. धान्याच्या कोठीचं मी पेव केलं, म्हणजे जमिनीत खणलेलं ज्वारीचं कोठार. राहिला गिरणीवाला. त्या काळी त्या गावात पिठाची गिरणी नसणार, बायका जात्यावर दळत असणार, एवढा विचार मी केला. स्वतःच्या काटेकोरपणाचं मला कौतुकही वाटलं. मग गिरणीवाल्याच्या जागी मी घाणेवाला लिहिला. बैल गोल फिरतो, लाकडी घाण्याची करकर चालू असते, आणि भर दुपारी घाणा थांबतो. मूळ इंग्रजीपेक्षा मला माझंच जास्त आवडलं.

घाणेवाल्याला नाव दिलं नाही. नाव नसलं की कुणाला लागत नाही, असं मी समजत होतो. त्या लाल पुस्तकातल्या मुलखात प्रत्येक ओढ्यावर एकेक गिरणी असावी. या गावात घाणा एकच होता.

तो दगडूबाचा होता. दगडूबा हे खरं नाव आहे आणि मी ते मुद्दाम लिहितो आहे. गावाचं नाव त्यांच्या मुलानं नको म्हटलं म्हणून लिहीत नाही.

ग्रंथ निघाला आणि गावाला एकदम इतिहास मिळाला. तोवर तात्यासाहेब आमच्या गावचे एवढंच लोक सांगत. आता अटक आमच्या गावात झाली, पेव आमच्या गावातलं. कुणाचं तरी बुजलेलं पेव उकरून दाखवायलाही सुरुवात झाली. गावानं तात्यासाहेबांचा सत्कार ठेवला, तेव्हा मीही गेलो होतो. तात्यासाहेबांना त्या दिवसांत नीट आठवत नसे. माणसं विसरायचे, एकच गोष्ट परत सांगायचे. ग्रंथ त्यांना घरातल्यांनी अनेकदा वाचून दाखवला होता. ते माईकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “पेवात अंधार होता. ज्वारीचा उबट वास येत होता. आन एकाएकी घाण्याचा आवाज थांबला.”

तो उबट वास माझ्या लेखात नव्हता. तो त्यांनी घातला.

सभेत कुणीतरी मागं वळून पाहिलं, मग आणखी कुणी. मागे लिंबाखाली एक साठी उलटलेला माणूस उभा होता. धोतर तेलानं काळं पडलेलं. लोक आपल्याकडे का बघतायत ते त्याला कळत नव्हतं. तो आधी हसला.

काही दिवसांनी तो छापखान्यात आला. ग्रंथ धडप्यात बांधून आणला होता. बरोबर मुलगा होता, सोपान, तिशी-पस्तिशीचा. तो आत आला नाही. रस्त्यापलीकडे पाठ करून उभा राहिला.

दगडूबानं ग्रंथ माझ्या टेबलावर ठेवला. त्याला वाचता येत नव्हतं, पण पान बरोबर उघडलं. कोपरा दुमडलेला होता.

“सायेब, हे कुनी लिवलं?”

लेखाखाली गावच्या मुख्याध्यापकांचं नाव होतं. मी त्या नावावर बोट ठेवलं.

“त्यायला इचारलं म्या. ते म्हनत्यात, समितीकडनं आलं. चिटनीस म्हनत्यात, छापखान्यात इचार.” त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. “वकीलसायबांना गावात कुनी धरलंच न्हाई, तर म्या खबर कुनाला देऊ? बीडला धरलतं त्यायला. आमाला गावात मागनं कळलं. बाजाराला गेलतो तवा कळलं.”

मी समोरच्या प्रुफांची चळत सारखी केली.

“आता घाना थांबला की पोरं वरडत्यात, आज कुनाला धरलं बे? बैल तर थांबवावाच लागतोय. दम खाऊ द्यावा लागतोय त्याला. कावून थांबवला म्हनून कुनाकुनाला सांगू?”

मग त्यानं फार लहान गोष्ट मागितली. एका कागदावर एवढंच छापून द्या की तो घाणेवाला दुसरा होता. तो कागद तो गावात वाटणार होता.

मी म्हणालो, “समितीला विचारावं लागेल.”

समिती तोवर मोडली होती. मांडवाचं सामानसुद्धा परत गेलं होतं. मला हे माहीत होतं आणि त्याला नव्हतं. तो बरं म्हणाला, ग्रंथ परत धडप्यात बांधला आणि गेला. पुन्हा दोनदा आला असं मालक म्हणाले. दोन्ही वेळा त्याला लांबून येताना बघून मी मागच्या दारानं बाहेर पडलो होतो.

लिहिताना केलेली चूक मी माझ्या अडाणीपणावर ढकलू शकतो. मागच्या दाराचं काय करू?

नंतर बरीच वर्षं गेली. तात्यासाहेब गेले, दगडूबा गेला, संगणक आले, मालकांच्या मुलांनी फ्लेक्सचं मशीन घातलं आणि मला निवृत्त केलं. रिकामपणी मी ते लाल पुस्तक पहिल्यांदा पहिल्या पानापासून वाचलं. आजवर मी फक्त मधलीच पानं वाचली होती. प्रस्तावनेत लिहिलं होतं की या चरित्रांची माहिती त्या त्या सद्गृहस्थांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी पुरवली आहे, आणि वर्गणीदारांच्या आश्रयामुळेच हा ग्रंथ निघू शकला. शेवटी वर्गणीदारांची नावं होती. चरित्रं ज्यांची, बहुतेक तीच नावं.

म्हणजे तोही गौरवग्रंथच होता. तिकडेही एखादी मागची खोली असणार आणि तिच्यात माझ्यासारखा कुणीतरी. त्यालाही कुणी सांगितलं असेल, अटकेत जोर नाही. त्या गिरणीवाल्यानं तरी चाक थांबवलं होतं का, कोण जाणे. मी पुस्तक मिटलं ते परत उघडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तात्यासाहेबांचे नातू भैय्यासाहेब माझ्याकडे आले. ते आता राजकारणात आहेत. आजोबांच्या ग्रंथाची नवी आवृत्ती काढायची होती, आणि गावाच्या चौकात एक शिल्प बसवायचं होतं. त्यांनी मोबाईलवर चित्र दाखवलं. पेवातून वर बघणारे तात्यासाहेब, मागे घाणा, आणि बैलाच्या वेसणीला हात घालून त्याला थांबवणारा एक माणूस. माणसाचा चेहरा चित्रकारानं फार मेहनतीनं काढला होता. डोळे बारीक, ओठ एका बाजूला वळलेले.

मी त्यांना सगळं सांगितलं. अमेरिका, गिरणी, गंध, सगळं. भैय्यासाहेब शांतपणे ऐकत होते.

“काका, आजोबांनी सोता भाषणात सांगितलंय. शूटिंग हाय माझ्याकडं.”

“त्यांना आठवत नव्हतं हो.”

“अन् तुमाला आता आठवतंय?” ते हसले, पण उर्मटपणे नाही. “काका, ही गोष्ट काढली तर आजोबांचं लोकांपाशी काय ऱ्हातंय? आमदार तर लई झाले.”

“‘लपायला मी काय चोर होतो’ हे राहील. तेच खरं आहे.”

“त्याचं शिल्प कसं करायचं?”

जन्मभर मीही तेच म्हणत आलो होतो. जाताना त्यांनी मला एक सवलत दिली. चित्रकाराला सांगून घाणेवाला पाठमोरा करून घेतो म्हणाले. “नाव न्हाई, तोंड न्हाई. मग कुणाला कावून लागंल?”

ते गेल्यावर मी ठरवलं की निदान सोपानरावांना भेटायचं. गावात उतरून घर विचारलं, तर ज्याला विचारलं तो म्हणाला, “कोणतं सोपान? खबऱ्याचं का?” खबऱ्या हे त्या घराचं आडनाव झालं होतं.

सोपानराव सत्तरीचे. घाणा केव्हाच मोडला होता, अंगणात त्याच्या उखळाचा दगड पडला होता आणि त्यावर कोंबडी बसली होती. मी ओळख दिली आणि काहीही न लपवता सांगून टाकलं. लेख मी लिहिला. प्रसंग दुसऱ्या देशातला होता. तुमच्या वडिलांनी कुणालाही काही सांगितलं नव्हतं.

मला वाटलं होतं ते चिडतील. क्वचित असंही वाटलं होतं की त्यांना हलकं वाटेल. त्यांनी दगडावरची कोंबडी हुसकली.

“म्हंजे दादा खरं बोलत होते,” ते म्हणाले.

“हो.”

“म्या न्हाई मानलं. छापलंय म्हनलं तर खरंच असंल. वरून वकीलसायेब सोता बोलले. दादा लई सांगायचे ओ. जेवताना सांगायचे, आजारी पडले तवा सांगायचे. सोपान, ऐक रे, असं झालतं. म्या ताटावरून उठून जायचो. म्हनायचो, आता बास. केलं तर केलं, निदान खोटं तरी बोलू नका. शेवटी शेवटी म्या त्यांच्याशी बोलतच न्हवतो.”

आत कुणीतरी भांडं खाली ठेवलं. त्यांची बायको दाराआड उभी राहून ऐकत होती.

“तुमी मला हे आता कावून सांगितलं?” सोपानराव म्हणाले. “दादांनी केलं, असं धरून म्या जगत होतो. वाईट होतं, पण जमलतं. आता हे घेऊन कुठं जाऊ?”

मी मान खाली घातली. माफी मागायला शब्द सापडेना, आणि शब्दांचाच धंदा केलेल्या माणसाचं तसं व्हावं हे योग्यच होतं. शेवटी तेच म्हणाले, “मला एकट्याला सांगून भागंल का? सगळ्यायसमोर सांगा.”

सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन झाल्यावर, ग्रामपंचायतीपुढे मी बोललो. सरपंच तयार नव्हते, पण पाहुण्या म्हाताऱ्याला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. शिल्प तोवर बसलं होतं, त्यावर हार होता. घाणेवाला पाठमोरा होता खरा, पण घाणा गावात एकच होता.

मी जन्मभर दुसऱ्यांसाठी भाषणं लिहिली, स्वतः कधी केलं नाही. तरी नीट सांगितलं असं मला वाटतं. ही गोष्ट माझ्या हातची आहे. ती आपल्याकडची नाही, अमेरिकेतली आहे. दगडूबा निर्दोष होता.

मग मागून एक तरुण म्हणाला, “काकांचं वय झालंय.” दुसरा हळूच म्हणाला, “खबऱ्यानं आणलंय त्यायला, रिक्षातून.” थोडं हसू उठलं. सरपंच उठून म्हणाले, काका ज्येष्ठ आहेत, आपण त्यांच्या वयाचा मान ठेवू.

तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक आजोबा काठीवर भार देऊन उभे राहिले. त्यांना मी कधी पाहिलेलं नव्हतं.

“तुमी काय सांगताव?” ते मला म्हणाले. “म्या सोता ऐकलंय. ल्हान होतो म्या, ह्या इथं पारावर खेळत होतो. घाना चालू होता आन एकदम थांबला. आजून कानात हाय माझ्या.”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर सुभेदारांचाच भाव होता. मी लिहिलेल्या प्रसंगाला साक्षीदार मिळाला होता, आणि माझ्यापाशी एकही नव्हता.

“आजोबा, घाणा थांबला नव्हता हो,” मी म्हणालो. “तसं काही झालंच नाही.”

“मंग मला काय येड लागलं का?”

लोक हसले. मुलांना बिस्किटं वाटायला सुरुवात झाली आणि सभा आपोआप मोडली. माणसं शिल्पाला नमस्कार करून आपापल्या घरी गेली. त्या आजोबांना दोघांनी हात धरून नेलं. जाताना ते मागे वळून माझ्याकडे रागानं बघत होते.

मी खुर्चीवरच बसून होतो. लाऊडस्पीकरवाला वायर गुंडाळत होता. समोर सतरंजीवर फक्त सोपानराव उरले होते, मांडी घालून, हात गुडघ्यांवर. मला वाटलं, आता हेही उठतील.

ते जरा पुढे सरकून बसले.

“पुन्हा एकदा सांगा,” ते म्हणाले. “पहिल्यापासून. म्या ऐकतोय.”